रक्तातील दोन साक्षीदार

इ. स. १९४३ च्या फेब्रुवारी महिन्यात पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील एका रुग्णाच्या प्रकृतीविषयी सरकारी पत्रके निघत असत. रुग्ण म्हणजे महात्मा गांधी. वय त्र्याहत्तर वर्षांचे. १० फेब्रुवारीस एकवीस दिवसांचा उपवास सुरू झालेला. आणि राहते घर, घर म्हणावयाचे झाल्यास, वर्ध्यापासून थोड्याच अंतरावरील सेवाग्रामची कुडाची झोपडी. पहिला आठवडा उलटतो न उलटतो तोच त्या पत्रकांत एक अपरिचित शब्द आला. तो शब्द म्हणजे ‘युरेमिया’. मूत्रावाटे बाहेर जावयाची द्रव्ये रक्तात साठत चालली आहेत, आणि उपवास लवकर सुटला नाही तर प्राण वाचविणे कठीण होईल, असा त्याचा आशय होता. शहरांतील सुशिक्षित घरांतूनही हा शब्द तोवर फारसा कोणाच्या कानी पडलेला नसावा. आता मात्र वर्तमानपत्र हाती पडताच लोक प्रथम तोच शोधू लागले.

त्याचे पडसाद दिल्लीतही उमटले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील तीन सभासदांनी १७ फेब्रुवारीस राजीनामे दिले. त्यांपैकी एक वर्ध्याच्या शेजारच्याच यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे होते. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार हे दुसरे दोघे. मूत्रपिंडाच्या दुखण्याने राज्यकारभारात एवढी खळबळ उडाल्याचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

‘युरेमिया’ हा शब्द फ्रान्समधील वैद्य प्योरी यांनी १८४० च्या दशकात रूढ केला. त्याचा सरळ अर्थ ‘रक्तात मूत्र’ असा. वर्णन म्हणून तो बरा आहे, पण त्यात माप नाही. रुग्णास मळमळ होते, ग्लानी येते, जीभ कोरडी पडते, नाडी क्षीण होते. हे पाहून अनुभवी वैद्य तो शब्द उच्चारतो. रक्तात काय साठले आणि किती साठले, हे सांगावयाचे तर रक्तच काढून तपासावे लागते. ही तपासणी कशी जन्मास आली आणि तिच्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि वर्ध्याचा त्याच्याशी एकदा नव्हे, अनेकदा संबंध आलेला आहे.

मूत्रपिंडे दोन. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दोन्ही मिळून मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाकाठी १८० लिटरांच्या आसपास द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटरांखेरीज सगळा पुन्हा रक्तास परत करतात. विहिरीवरच्या रहाटाने दिवसभर पाणी ओढावे आणि पाट फिरवून ते पुन्हा विहिरीतच सोडावे, तसला हा उद्योग. तो व्यर्थ मात्र नाही, कारण परत जाताना गाळ मागे राहतो. ही गाळण्याची गती हेच मूत्रपिंडाच्या सामर्थ्याचे खरे माप. ती बाहेरून दिसत नाही. म्हणून जे द्रव्य या गाळणीतूनच बाहेर जाते, ते रक्तात किती शिल्लक आहे हे पाहावयाचे आणि त्यावरून गाळणीचा अंदाज करावयाचा. तसली दोन द्रव्ये पुढे नित्याची साक्षीदार बनली : युरिया आणि क्रिएटिनिन.

युरियाची ओळख अगोदरची. प्रथिने पचल्यावर त्यांतील नत्राचा जो भाग शरीरास नको असतो, त्याचा यकृतात युरिया होतो. १७७३ मध्ये रुएल याने तो मूत्रातून वेगळा काढला. १८२१ मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि द्यूमा यांनी जनावरांची मूत्रपिंडे काढून टाकली आणि त्यांच्या रक्तात युरिया साठतो असे दाखविले. तोपर्यंत मूत्रपिंडच युरिया तयार करते असा समज होता; तो येथे मोडला. युरिया अन्यत्र तयार होतो, मूत्रपिंड फक्त त्यास वाट करून देते. पुढे १८२७ मध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी अंगावर सूज, मूत्रात प्रथिन आणि शवविच्छेदनात आकसलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. त्यांची परीक्षा किती साधी! चमच्यात मूत्र घ्यावयाचे, मेणबत्तीवर धरावयाचे. प्रथिन असेल तर ते अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे साकळते. दोनच वर्षांनी एडिंबरोच्या क्रिस्टिसन यांनी अशाच रोग्यांच्या रक्तात युरिया आढळल्याचे नमूद केले. परंतु तेवढ्यासाठी रोग्याचे बरेच रक्त काढावे लागे. शिरा सोडून रक्त वाहविणे हा उपचारच मानला जात असल्याने त्या काळी ते साधत असे, एवढेच.

थेंबाथेंबाच्या हिशेबाने रक्त तपासण्याची विद्या विसाव्या शतकाची आहे, आणि तिच्या कर्त्यांत हार्वर्डच्या ऑटो फोलिन यांचे नाव आधी घ्यावे लागते. हे मूळचे स्वीडनचे. जर्मनीतील माक्स याफे यांनी १८८६ मध्ये एक चमत्कार नोंदविला होता : क्रिएटिनिन असलेल्या द्रवात पिक्रिक आम्ल आणि क्षार घातले म्हणजे तो नारिंगी-तांबडा होतो. नागपूर-वर्ध्याकडील माणसास हा रंग वेगळा समजावून द्यावयास नको. पिकल्या संत्र्याच्या सालीची ती छटा. याफे यांनी नोंद करून विषय सोडला. फोलिन यांनी १९०४ मध्ये त्या रंगालाच तराजू बनविले. रंग जितका गडद, तितके क्रिएटिनिन अधिक. दोन नळ्या शेजारी ठेवावयाच्या, एकात परिचित प्रमाणाचा द्रव, दुसऱ्यात रोग्याचा. आणि डोळ्यांस दोन्ही रंग सारखे दिसेपर्यंत एकाची खोली कमी-अधिक करावयाची. १९१९ मध्ये त्यांनी आणि त्यांचे चिनी सहकारी वू यांनी रक्तातील प्रथिने टंगस्टिक आम्लाने साका करून काढून टाकण्याची रीत दिली. मग थोड्याशा रक्तातून निघालेल्या एकाच स्वच्छ निवळीत युरिया, क्रिएटिनिन, साखर ही सारी मोजता येऊ लागली.

युरियासाठी निराळीच युक्ती निघाली. सोयाबीनमध्ये आणि आपल्याकडील अबईच्या कुळातील जॅकबीन नावाच्या शेंगेत एक पाचक द्रव्य असते. ते युरियाचा अमोनिया करते, आणि अमोनिया मोजणे सोपे. १९१३ मध्ये मार्शल यांनी ही रीत रक्तासाठी वापरली. त्या द्रव्याचे शुद्ध स्फटिक १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी मिळविले आणि त्याबद्दल त्यांना पुढे नोबेल पारितोषिकाचा वाटा लाभला. सम्नर यांचा डावा हात लहानपणीच शिकारीच्या अपघातात गेला होता. हार्वर्डला शिकावयास आले तेव्हा एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेस जाऊ नये, असा सल्ला त्यांना मिळाला. सल्ला देणारे गृहस्थ ऑटो फोलिन हेच. मोठ्या माणसांचे अंदाज चुकतात तेही मोठ्या थाटाने.

याच फोलिन यांच्या विभागात १९२३ नंतर एक तेलुगू तरुण काम करीत होता. भीमवरम् येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९२७ मध्ये त्यांनी आणि सायरस फिस्क यांनी स्नायूंतील क्रिएटिन हे फॉस्फरसशी जोडलेले असते असे दाखविले. स्नायूच्या आकुंचनास लागणारी तात्कालिक शक्ती तेथे साठविलेली असते. क्रिएटिनिन कोठून येते याचे मूळ येथे सापडते. स्नायूंतील या साठ्यापैकी शेकडा दोनच्या आसपास भाग रोज आपोआप क्रिएटिनिन बनून रक्तात उतरतो. धनिकाने मूळ रकमेस हात न लावता रोज ठरलेले व्याज बाहेर काढावे, तसे. रक्कम म्हणजे स्नायू. पहिलवानाचे व्याज अधिक, वाळलेल्या म्हाताऱ्याचे कमी. हे व्याज रोज जवळजवळ सारखे असते आणि गाळणीतूनच बहुतेक जाते, म्हणून क्रिएटिनिन हा युरियापेक्षा विश्वासू साक्षीदार ठरला. युरिया फार लवकर फिततो. भरपूर डाळ किंवा मांस खाल्ले, ताप आला, पोटात रक्तस्राव झाला, पाणी कमी पडले, की तो वाढतो. अन्न कमी झाले किंवा यकृत बिघडले, की मूत्रपिंड रोगी असूनही तो खाली राहतो.

आता पुन्हा आगाखान पॅलेसकडे वळावे. तेथील रुग्णाचे शरीर वैद्यांच्या परिचयाचे होते. १९३५ च्या अखेरीस वर्ध्यात असतानाच रक्तदाबाने त्यांना अंथरुणास खिळविले होते; १९४० च्या १९ फेब्रुवारीस तो २२० वर ११० असा मोजला गेल्याची नोंद त्यांच्या आरोग्याच्या कागदपत्रांत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते कागद आले आहेत. त्यांत वजन ४६.७ किलो दिले आहे. म्हणजे दीर्घकाळचा रक्तदाब, जो मूत्रपिंडांचा जुना वैरी, आणि अंगावर मांस नाममात्र. उपाशी शरीर आपलेच स्नायू जाळते, त्यामुळे युरियाची निपज चालू राहते. त्यात मळमळीमुळे पाणी पोटात ठरेनासे झाले, की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ मंदावतो आणि जो युरिया गाळला जातो तोही बराचसा परत शोषला जातो. गाळणी शाबूत, पण पाटाला पाणीच नाही, अशी ती अवस्था असते. उपवासात आणखी एक खोच आहे. चरबी जळू लागली म्हणजे रक्तात अ‍ॅसिटोनच्या जातीची द्रव्ये येतात, आणि त्यांतील एक याफेच्या परीक्षेत क्रिएटिनिनसारखाच नारिंगी रंग देते. साक्षीदाराच्या वेषात तोतया उभा राहावा, तसला प्रकार. त्या काळच्या रीतीने उपोषण करणाऱ्याचे रक्त तपासले असते तर हा तोतया ओळखणे सोपे नव्हते.

२१ फेब्रुवारी हा बारावा दिवस. दुपारी चारच्या सुमारास मळमळ अनावर झाली, रुग्ण जवळजवळ बेशुद्ध झाला, नाडी हातास लागेना. डॉ. विधानचंद्र रॉय कलकत्त्याहून आलेले, डॉ. गिल्डर येरवड्याच्या तुरुंगातून आणलेले, डॉ. सुशीला नय्यर बंदिवासातच सोबत असलेल्या, सरकारी बाजूने सर्जन जनरल कँडी. एवढे वैद्य खोलीत, आणि हाती उपाय थोडे. पाणी पोटात ठरावे म्हणून त्यात लिंबू-मोसंबीचा रस घालण्याची मुभा गांधीजींनी उपवासाच्या आरंभीच ठेवली होती, कारण हा उपवास प्राणांतिक नव्हता. त्या संध्याकाळी मोसंबीचा रस घातलेले पाणी पोटात राहिले. पुढील दिवसांत लघवी वाढली, ग्लानी उतरली, आणि ३ मार्चला उपवास यथाक्रम संपला. सरकारने अंत्यसंस्काराची तयारी करून ठेवली होती असे पुढे बाहेर आले.

या घटनेत कित्येकांनी दैवी हात पाहिला, कित्येकांनी सरकारधार्जिणी वृत्ती बाळगून लबाडीचा संशय घेतला. दोघांनीही मूत्रपिंडाचा विचार केला नाही. पाण्याअभावी आलेला युरेमिया पाणी मिळताच उतरतो. गाळण्या नष्ट झाल्याने आलेला उतरत नाही. रक्तातील आकडा दोन्हींत एकच असू शकतो. आरंभी कोणता प्रकार समोर आहे हे केवळ एका आकड्यावरून उत्तमातल्या उत्तम वैद्यासही सांगता येत नाही, आणि १९४३ च्या वैद्यांनी भय बोलून दाखविले यात त्यांची चूक काढण्यास जागा नाही. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीच्या अखेरच्या उपवासात मूत्रपिंडांची तीच चिंता वैद्यांच्या पत्रकांत पुन्हा उमटली.

आगाखान पॅलेसमधील उपवास सुटून पंधरवडा होतो न होतो तोच, मार्च १९४३ मध्येच, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये कांपेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून एका रोग्याचे रक्त बाहेर काढले, धुतले आणि परत शरीरात घातले. कृत्रिम मूत्रपिंडाचा हा पहिला मानवी प्रयोग. पहिले रोगी वाचले नाहीत. सप्टेंबर १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची स्त्री शुद्धीवर आली तेव्हा यंत्राचे यश ठरले. तेथून पुढे रक्तातील युरियाचा आकडा केवळ भविष्य सांगणारा राहिला नाही. यंत्र केव्हा लावावे हे तो ठरवू लागला.

त्या यंत्राशी पुढे वर्ध्याच्या परिवारातील एका मोठ्या माणसाची गाठ पडली. जयप्रकाश नारायण यांच्या पत्नी प्रभावतीदेवी गांधीजींच्या आश्रमातच वाढल्यासारख्या. स्वतः जयप्रकाशांनी १९५४ मध्ये बोधगयेस विनोबांच्या कार्यास जीवनदान दिले. आणि धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात विनोबांशी त्यांचे पुढे जे मतभेद झाले, ते सर्वोदयाच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण आहे. २६ जून १९७५ रोजी पहाटे त्यांना दिल्लीत अटक झाली. बंदिवासाचा बराचसा काळ त्यांनी चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेत काढला. १२ नोव्हेंबरला सुटका झाली आणि त्याच महिन्यात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात निदान झाले : मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि यंत्रावाचून जगणे नाही. वय तेव्हा त्र्याहत्तर. आगाखान पॅलेसमधील रुग्णाचेही तेच होते.

सुटकेनंतर जो वाद उठला, तो वस्तुतः रक्तातील आकड्यांच्या कालानुक्रमाचा वाद होता. दुखणे केव्हा सुरू झाले? तुरुंगात जाण्यापूर्वी मूत्रपिंडे कशी होती? कोणत्या आठवड्यात चिन्हे दिसावयास हवी होती? केंद्रात सत्तांतर झाल्यावर या उपचारांच्या चौकशीसाठी डॉ. नागप्पा आळ्वा यांचा आयोग नेमला गेला. असल्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची तर ओळीने घेतलेल्या तपासण्यांची माळ लागते. एकटा मणी उपयोगी पडत नाही. पंतप्रधानांच्या निधीतून आलेली मदत जयप्रकाशांनी परत केली आणि यंत्राचा खर्च सामान्य लोकांच्या लहान देणग्यांतून उभा राहिला. आठवड्यातून काही वेळा यंत्राशी बांधलेल्या अशा शरीराने त्यांनी १९७७ ची निवडणूक आणि त्यानंतरची उलथापालथ पाहिली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास ते निवर्तले. याफेच्या नारिंगी रंगाने जे दाखवावयाचे ते दाखविले होते. येथे मोसंबीच्या रसाचे काम नव्हते.

आगाखान पॅलेसमध्येच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचा अंत झाला. त्यांच्या नावाने डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला बिर्लांच्या घरात स्त्रिया व मुले यांच्यासाठी १५ खाटांचा दवाखाना काढला. गांधीजन्मशताब्दीच्या १९६९ या वर्षी त्याभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. ज्या गावात एके काळी माती, पाणी आणि पथ्य हेच औषध होते, तेथेच आता रोज रक्ताच्या नळ्या यंत्रात चढतात. डोळ्यांनी रंग जुळविण्याचे काम प्रकाशमापक यंत्र करते. आकडा क्षणात कागदावर उतरतो. तो वाचावा कसा, हा प्रश्न मात्र फोलिनच्या काळाहून फारसा सोपा झालेला नाही.

प्रयोगशाळेच्या कागदावर क्रिएटिनिनची नेहमीची मर्यादा साधारण ०.६ ते १.२ मिलिग्रॅम अशी छापलेली असते. एखाद्याचा नित्याचा आकडा ०.६ असेल आणि तो १.२ झाला, तर कागद ‘ठीक’ म्हणतो; प्रत्यक्षात गाळण्याचे सामर्थ्य निम्म्याने गेलेले असते. म्हणून कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये वय, वजन आणि स्त्री-पुरुषभेद हिशेबात घेणारे सूत्र दिले. त्यांच्या सूत्राने पाहावे : तीस वर्षांच्या, ७५ किलो वजनाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर गाळण्याची गती मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर निघते. सत्तर वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या बाईचे तेच १.२ असेल तर उत्तर येते २८ च्या आत. आकडा एक, पहिला घरी जाईल, दुसरीस लगेच औषधांची मात्रा बदलावी लागेल. वर्धा जिल्ह्यात उन्हातान्हात कापूस वेचून वाळलेल्या वृद्धा थोड्या नाहीत, आणि कागदावरचे ‘ठीक’ त्यांच्याच बाबतीत अधिक फसवे. १९९९, २००९ आणि २०२१ मध्ये नवी सूत्रे आली, पण ती दुसऱ्या देशांतील माणसांच्या मोजमापांवरून बांधलेली आहेत, याचे भान ठेवावे लागते.

विदर्भात आणखी एक अडचण आहे. सिकलसेल हा रक्तदोष या भागात बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मूत्रपिंडाच्या आतील बारीक वाहिन्यांत अडकतात. प्रारंभीच्या वर्षांत अशा मुलामाणसांची गाळण्याची गती उलट वाढलेली असते, शिवाय त्यांचे मूत्रपिंड क्रिएटिनिन गाळण्याखेरीज वेगळ्या वाटेनेही जास्त बाहेर टाकते. मूत्रपिंड आतून झिजत असते आणि रक्तातील क्रिएटिनिन खालीच असते. विश्वासू म्हणून नावाजलेला साक्षीदार येथे आपण होऊन खोटी ग्वाही देतो. अशा वेळी मूत्रातील प्रथिन आधी बोलते. १९८५ मध्ये सिस्टॅटिन-सी हे स्नायूंशी फारसा संबंध नसलेले तिसरे द्रव्य पुढे आले; ते या कामास बरे, पण महाग असल्यामुळे तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. मूत्रातील प्रथिन पाहण्यास मात्र खर्च नाममात्र येतो. ब्राइट यांच्या चमच्याची जागा आता रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने घेतली आहे, आणि ती कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात बाटलीतून काढून मूत्रात बुडविता येते.